नारिंगी काच

आमच्या घराची पडवी हेच बाबांचं दुकान होतं आणि त्या दुकानात विकायला काहीच नव्हतं. लोक आपापली भांडी घेऊन येत, बाबा त्यांवर नावं घालून देत. मालवणच्या बाजारातून बंदराकडे उतरणाऱ्या रस्त्याला लागूनच घर, त्यामुळे सकाळी पहिल्यांदा मासळीच्या लिलावाचा गलका कानावर येई, मग एस.टी.चा हॉर्न, आणि त्यानंतर दिवसभर बाबांच्या विजेच्या पेनाची घरघर. हे पेन म्हणजे टोकाला कठीण सुई असलेलं, मुठीत धरायचं छोटंसं यंत्र. स्टीलवर टेकवलं की थरथरत अक्षर खोदत जाई. लग्नसराईत पडवीत पाय ठेवायला जागा नसे. कळश्या, तांबे, पराती, एकात एक बसवलेली पातेली, आणि त्या सगळ्यांवर कुणाची ना कुणाची 'सप्रेम भेट'. पडवीच्या मागे आईचं स्वयंपाकघर. तिच्या बांगड्याच्या तिखल्यात, त्या तिखट माशाच्या रश्श्यात, तिरफळं पडली की तो वास आणि बाहेरचा तापल्या स्टीलचा वास एकमेकांत मिसळत. अजूनही कुठे तिरफळांचा वास आला की माझ्या दातांत ती घरघर सुरू होते. मुलं हसतात, पण मी काय करू.

बाबांच्या धंद्याची एक रीत होती आणि तिला कुणी रीत म्हणत नसे, इतकी ती सगळ्यांच्या अंगवळणी पडलेली होती. गिऱ्हाईक भांडं ठेवून बाजारात निघून जात नसे. बाबांच्या समोरच्या पाटावर बसून ते नाव उमटताना बघत राही, अक्षर अन् अक्षर तोंडाने म्हणत राही. नाव पुरं झालं की बाबा फडक्याने भांडं पुसत, दोन्ही हातांनी समोर धरत आणि म्हणत, "वाचा." गिऱ्हाइकाने मोठ्याने वाचलं की मगच भांडं पिशवीत जाई. स्टीलवर एकदा उमटलेलं नाव पुसता येत नाही, आणि चुकलेल्या नावाची कळशी घेऊन सासरी गेलेली मुलगी जन्मभर पाण्याला जाताना त्या चुकीकडे बघते, असं बाबा म्हणत. वाचता न येणारी माणसंही समोर बसत. ती नुसती बघत. बाबा त्यांना आधी तोंडाने सांगत आणि मग बोट धरून त्या खोदलेल्या रेषांवरून फिरवत.

बाबांना डोळा एकच होता. दिसायला दोन होते, पण डावा नावापुरता. तरुणपणी ते छिन्नी-हातोडीने ठिपके ठोकून तांब्यापितळेवर नावं घालत, तेव्हा धातूची एक कपची उडाली आणि तो डोळा गेला. उजवा तेवढा राहिला, तोही जाड भिंगामागे. आईची जगातली सगळी भीती त्या एका डोळ्याभोवती गोळा झाली होती. फोडणी तडतडायला लागली की बाबांनी स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर यायचं नाही. शिमग्यात गुलाल घेऊन कुणी दारात आलं की आई स्वतः पुढे होऊन तोंड रंगवून घेई आणि बाबांना माजघरात कोंडे. नारळ सोलायचा कोयता बाबांच्या हाती दिला तर ती समोर उभी राही, श्वास रोखून. आम्ही तिची टिंगल करत असू. पण त्या भीतीचं बाळकडू मलाही मिळालेलं होतं. शाळेतून आल्यावर दप्तर टाकायच्या आधी मी बाबांच्या चष्म्याकडे बघायची आणि तो जागेवर दिसला की मग मला भूक लागायची.

वर्षानुवर्षं थरथरतं पेन धरून बाबांचा हातच थरथरायला लागला. पेन बंद करून ठेवलं तरी हात आपला चालूच. चहाची बशी वाजायची. अक्षरांच्या मात्रा हलायला लागल्या, गिऱ्हाइकं वाचताना जराशी थांबायला लागली, आणि ते थांबणं बाबांना कळायचं. मुंबईला कंपनीत असलेला माझा थोरला भाऊ दिगू त्या वर्षी गणपतीला आला तो परत गेलाच नाही. त्याने काय केलं, तर बाबांना पांढऱ्या कागदावर शाईने सबंध बाराखडी काढायला बसवलं. हात थरथरला की कागद बदलायचा, पुन्हा काढायचं. चांगली निघालेली अक्षरं त्याने कॉम्प्युटरमध्ये घेतली. मग खोक्यातून एक यंत्र आलं: लोखंडी चौकट, तिच्यावर इकडून तिकडे सरकणारी काळी डबी, आणि डबीच्या खालच्या भोकातून सुटणारा निळा लेसर. खाली भांड्यासाठी दोन गोल रूळ, त्यांवर कळशी आडवी ठेवली की ती आपोआप फिरे. भांड्याला काळा लेप लावायचा, लेसर त्याच्यावरून फिरला की लेप जळून स्टीलवर नाव बसे, आणि ते नाव बाबांच्याच अक्षरात असे. त्यांच्या तरुणपणच्या, न थरथरणाऱ्या अक्षरात.

पहिल्या दिवशी नारळ ठेवून बाबांनी गाऱ्हाणं घातलं. काय वाकडंनाकडं असेल ते दूर कर, लेकराच्या हाताला यश दे, अशा नेहमीच्याच गोष्टी देवाला सांगितल्या आणि आम्ही सगळ्यांनी 'व्हय म्हाराजा' म्हटलं. मग दिगूने बटण दाबलं. तसला निळा रंग मी त्याआधी कधी पाहिला नव्हता. समुद्राचा निळा नाही, आकाशाचा नाही. डोळ्यात शिरून मागच्या बाजूला जाऊन बसणारा, जरासा आंबट वाटणारा निळा. बाबा पुढे वाकले होते. आपला हात न लागता आपलं अक्षर उमटताना बघून त्यांच्या चेहऱ्यावर काय उमटत होतं ते मी सांगू शकत नाही, कारण मी त्यांच्या चेहऱ्याकडे बघतच नव्हते. लेप जिथे पातळ बसला होता तिथलं स्टील उघडं पडलं होतं आणि कळशीच्या फुगीर पोटावरून एक निळा ठिपका उडून भिंतीवरच्या कॅलेंडरवरून सरकत वर वाशांकडे चालला होता. कुणाचंच तिकडे लक्ष नव्हतं.

मी तेव्हा कॉलेजात फिजिक्स शिकत होते आणि फार शिकलेही नव्हते, पण चकचकीत भांडं म्हणजे आरसा आणि गोल भांडं म्हणजे लहरी आरसा, एवढं कळायला फिजिक्स लागत नाही. यंत्राबरोबर चष्मा आला होता एकच, हिरव्या प्लास्टिकचा, खेळण्यातला वाटावा असा. तो दिगू घाले. बाबांनी स्वतःची सोय स्वतः केली. तोंडवलीला किनाऱ्यावर त्यांचा एक मित्र पर्यटकांना शहाळी आणि टोप्या-गॉगल विकायचा, त्याच्याकडून त्यांनी सगळ्यांत काळा गॉगल आणला. शिवाय बंदरावर ट्रॉलरचं वेल्डिंग करणाऱ्याकडून एक काच मागून आणली. संध्याकाळी चहा घेताना त्यांनी हे सगळं पाटावर मांडलं आणि एकेक डोळ्याला लावून ट्यूबलाइटकडे बघायला लागले.

"ह्येतसून ट्यूब नीट दिसणा नाय," काळा गॉगल लावून ते समाधानाने म्हणाले. "ह्योच बरो."

"बाबा, काळो म्हणजे बरो असा नसता," मी म्हटलं. "उन्हाचो गॉगल तो. लेसर तेतसून सरळ आत जातलो."

"मशीनीवांगडा चष्मो इलेलो आसा," दिगू चिडला. "तो दिल्यानी ते काय खुळे आसत?"

"तेच्यार काय लिवलेला आसा ता दाखय माका."

दिगूने हिरवा चष्मा उलटा-सुलटा केला. त्याच्यावर काहीच लिहिलेलं नव्हतं. ना काचेवर, ना काडीवर.

"एकच डोळो आसा तुमचो," आई दारातून म्हणाली. तिने तेवढंच म्हटलं आणि पुन्हा आत गेली.

दुसऱ्या दिवशी मी यंत्रावरच्या पिवळ्या चिठ्ठीवरचा आकडा हातावर लिहून कॉलेजात नेला आणि आमच्या फिजिक्सच्या सरांसमोर हात धरला. सर तसे कोरडे गृहस्थ, विद्यार्थ्यांशी जेवढ्यास तेवढं बोलणारे. हातावरचा आकडा बघून त्यांनी आधी, "हे उघड्यावर चालवता? घरात?" असं विचारलं आणि हातातला खडू खाली ठेवला. त्यांचा आवाज बदलला तशी माझी भीती दुप्पट झाली. काच किती काळी आहे ते बघायचंच नाही, त्यांनी सांगितलं. कुठला रंग अडवते ते बघायचं. प्रत्येक लेसरला त्याच्या रंगाचा आकडा असतो. आपल्या लेसरचा आकडा चष्म्यावर छापलेल्या हद्दीत बसला पाहिजे. निळ्याला निळी काच लावणं म्हणजे दार उघडून देणं, निळा गिळते ती नारिंगी. हिरवी काच निळा अडवेल की नाही हे नुसतं बघून कुणालाच सांगता येत नाही, म्हणून काही न लिहिलेला चष्मा म्हणजे चष्मा नव्हेच. आणि उन्हाचा काळा गॉगल सगळ्यांत वाईट, कारण त्याच्या अंधारात डोळ्याची बाहुली मोठी होते आणि लेसरला वाट रुंद मिळते.

"पापणी मिटेलच ना, सर?" मी विचारलं.

"पापणीच्या आधी तो पोचतो," सर म्हणाले. "लहान लेसरला पापणी पुरते. तुमच्या या यंत्राला नाही."

मग त्यांनी मला दुसरा आकडा समजावला, किती अडवते त्याचा. पाच असेल तर लाखात एक भाग पलीकडे जातो, तीन असेल तर हजारात एक. लाख आणि हजार यांतला फरक मला त्या दिवसाइतका कधी कळला नव्हता. पुढे मी बरीच वर्षं फिजिक्स शिकवलं, आता वाचायलाही चष्मा लागतो, तरी बाजारात कुणी लेसरचा चष्मा म्हणून काही विकायला ठेवलेलं दिसलं की मी काडी वळवून आकडे शोधते. दुकानदार वैतागतात. प्रयोगशाळेत माझी मुलंही वैतागायची, कारण आकडे मोठ्याने वाचल्याशिवाय मी कुणाला लेसरजवळ जाऊ देत नसे. मास्तरणीला खूळ लागलंय असं ती मागे म्हणत. लागलंच होतं.

चष्मे मागवायचे ठरले. दिगूने तोंड वाकडं केलं, पण माझ्या सांगण्यातलं 'पापणीच्या आधी' त्याच्याही पोटात गेलं होतं. बाबांसाठी साधा चालणार नव्हता. त्यांच्या जाड भिंगाच्या चष्म्यावरून बसेल असा, दोन्ही बाजूंना कडा असलेला, म्हणजे बाजूनेही उजेड शिरू नये असा मोठा हवा होता. तसा एक आणि दिगूसाठी एक, असे दोन आले. काचेच्या कोपऱ्यात बारीक अक्षरांत हद्द छापलेली, आपला आकडा तिच्यात बसणारा, पुढे अडवण्याचा आकडा. बाबांनी तो घातला आणि घरभर फिरून आले. आईची निळी साडी काळी दिसते म्हणाले, पेज हळद घातल्यासारखी दिसते म्हणाले. आई हसली, पुष्कळ दिवसांनी. पण यंत्र सुरू झाल्यावर बाबा गप्प झाले. त्या काचेतून निळा लेसर दिसेना. जळणाऱ्या लेपाचा धूर दिसे आणि धुराखाली कुणीतरी न दिसणाऱ्या बोटाने लिहिल्यासारखं अक्षर दिसे, पण उजेड दिसेना.

"बाय, माझी अक्षरां माका बघूक नको?" ते मला म्हणाले.

"दिसतत मां अक्षरां?"

"दिसतत. पण उमटताना दिसणत नाय."

उमटून झाल्यावर बघा, असं ओठांवर आलं होतं. त्यांना ते कसं पुरणार, हेही कळत होतं.

पडवी आणि ओसरीच्या मध्ये आईने जाड गोधडी बांधली. यंत्र चालू असेपर्यंत गोधडीच्या आत दोघंच, दिगू आणि बाबा, दोघांच्या डोळ्यांवर नारिंगी काच. बाकी सगळ्यांनी बाहेर. गिऱ्हाइकांना ते रुचलं नाही. आपलं नाव पडद्याआड उमटतंय आणि आपण बाहेर कोकम सरबत पीत बसलोय, हे त्यांना लग्न चाललेलं असताना मांडवाबाहेर उभं केल्यासारखं वाटे. काहीजण नाक मुरडून गेले. बाबांना तर ते त्याहूनही रुचलं नाही, पण त्यांनी ऐकलं. आईसाठी ऐकलं असावं. मी रोज कॉलेजला जाताना गोधडीच्या गाठी ओढून बघायची. घरात शिरताना लेसरच्या पंख्याचा आवाज येत असला की तो बंद होईपर्यंत मी ओसरीवरच उभी राहायची. असे बरेच दिवस गेले. भीतीची सवय होते म्हणतात, मला झाली नाही.

त्या दुपारी धामापूरहून एक बाई आल्या. धाकट्या मुलीचं लग्न ठरलं होतं, कळशी, तांब्या, परात असं सगळं घेऊन रिक्षाने आल्या होत्या. मी कॉलेजातून येऊन हातपाय धूत होते. बाहेरून त्यांचा आवाज ऐकू येत होता.

"मी पडद्याभायर रवाचंय नाय," त्या सांगत होत्या. "थोरल्या चेडवाच्या कळशेर त्या दुसऱ्या दुकानात नाव चुकला. अजून तेच्या सासरची हसतत. ह्या टायमाक माका माझ्या डोळ्यांनी बघूक होया."

"काकी, आत चष्मे दोनच आसत," दिगू म्हणाला.

"मगे माका चष्मो नको. मी लांबसून बघतंय."

"तसा चलाचा नाय," दिगू म्हणाला.

मग बाबांचा आवाज आला. शांत, समजूतदार, जन्मभर पाटावरच्या माणसाशी बोलण्याचा तो आवाज. "घेवा, माझो घाला. मी भिंतीकडे तोंड करून बसतंय. माका काय, अक्षरां माझीच आसत, ती काय चुकूची नाय."

मी पंचा तसाच टाकून धावले. आमच्या घरात पाव्हण्याला पाट देऊन आपण जमिनीवर बसायची सवय, आणि गिऱ्हाईक बाबांना पाव्हण्याहून मोठं. त्यांनी चष्मा दिला तो पाट दिल्यासारखा दिला, त्यात त्यांना विचार करण्यासारखं काही वाटलंच नसणार. मी ओसरीवर पोचेपर्यंत पंखा सुरू झाला होता. मी गोधडीची कड उचलली. बाई माझ्याकडे पाठ करून, नारिंगी चष्मा लावून, पुढे वाकून एकेक अक्षर म्हणत होत्या. दिगू यंत्रावर वाकला होता. बाबा खरोखरच भिंतीकडे तोंड करून बसले होते, शाळेत शिक्षा झालेल्या मुलासारखे. मी हाक मारायला तोंड उघडलं आणि त्याच क्षणी कळशी रुळावर घसरली.

"कळशी सराकता," दिगू ओरडला.

बाबा वळले. त्यांनी वळायचं ठरवलं असं मी म्हणणार नाही. भांडं घसरलं की त्यांचा हात जायचाच, झोपेतसुद्धा गेला असता. ते वळले, दोन्ही हात पुढे झाले, कळशी त्यांच्या हातांत तिरकी झाली, आणि मी एक निळा ठिपका त्यांच्या हनुवटीवर बघितला, मग गालावर, मग चष्म्याच्या उजव्या भिंगात. तिथे तो भिंगभर पसरल्यासारखा झाला. दिगूने वायर खेचून काढली. पंखा थांबला. पडवीत जळक्या लेपाचा वास होता.

"कायएक नाय," बाबा म्हणाले. "वायच डोळो दिपलो. जातला ता."

बाईंना काय झालं ते कळलंच नव्हतं. कळशी सावरली म्हणून त्या खूश होत्या. उरलेली दोन अक्षरं पुरी करायला बाबांनी दिगूला लावलं. चष्मा पुन्हा आपल्याकडे घेऊन, बाईंना गोधडीबाहेर बसवून. मग त्यांनी फडक्याने कळशी पुसली, दोन्ही हातांनी समोर धरली आणि म्हणाले, "वाचा." बाईंनी मुलीचं नाव मोठ्याने वाचलं. नाव बरोबर होतं. त्या वाचत असताना बाबांचा अंगठा नावावरून हळूहळू फिरत होता, वाचता न येणाऱ्यांचं बोट ते फिरवीत तसा.

संध्याकाळी आम्ही जेवायला बसलो. आईला आम्ही सांगितलं नव्हतं. बाबांनीच नको म्हणून खूण केली होती. तिखलं होतं, भात होता, आईने नुकतं घातलेलं कैरीचं लोणचं होतं. बाबा काटे बोटांनीच काढत, त्यामुळे मासा नीट खाल्ला. माझा जीव जरासा भांड्यात पडायला लागला होता. मग ते पानाकडे बघत म्हणाले, "लोणचा वाडूक नाय?"

"तुमच्या फुड्यातच आसा," आई म्हणाली.

बाबांनी मान जराशी तिरकी केली, आणि मग त्यांचा हात बरोबर लोणच्यावर गेला. "दिवो मंद आसा," ते म्हणाले. दिवा मंद नव्हता. आई वाढता वाढता थांबली, तिने दिव्याकडे बघितलं, बाबांकडे बघितलं, आणि डाव हातातच धरून खाली बसली. तिला काही सांगावं लागलं नाही.

सकाळच्या एस.टी.ने मी बाबांना घेऊन कुडाळला डोळ्यांच्या दवाखान्यात गेले. दिगू येतो म्हणाला, बाबांनी त्याला येऊ दिलं नाही. भांडी द्यायची आहेत, तू थांब, असं म्हणाले. दवाखान्यात गर्दी होती. तपासणीच्या खोलीचं दार उघडंच होतं आणि आत भिंतीवर अक्षरांची उजळ पाटी टांगलेली. वर मोठी अक्षरं, खाली लहान लहान होत गेलेली. आत गेलेला प्रत्येक माणूस ती मोठ्याने वाचत होता, कुणी चौथ्या ओळीला अडखळे, कुणी शेवटपर्यंत जाई. बाबा डोळे मिटून, भिंतीला डोकं टेकून बसले होते. मला वाटलं, डोळ्याला विसावा देताहेत. त्यांचे ओठ हलत होते. मला वाटलं, देवाचं नाव घेताहेत. मीही घेत होते.

आमची पाळी आली. आतल्या मुलीने त्यांना खुर्चीत बसवलं आणि डावा डोळा झाकायला सांगितला.

"तो गेलेलाच आहे," बाबा दवाखान्यातलं शुद्ध मराठी बोलत म्हणाले. "उजव्याने वाचतो."

आणि त्यांनी वाचलं. ग, त, प. खालची ओळ. त्याखालची ओळ. एकही अक्षर न अडखळता, सरळ पाटीकडे बघत, शेवटच्या बारीक ओळीपर्यंत. मला रडू फुटलं. मी खोलीच्या दारात उभी राहून ओढणीने डोळे पुसत होते, आणि मनात म्हणत होते की सुटलो, देवा, सुटलो. मुलीने कागदावर काही लिहिलं. "छान, काका. आता ही पाटी," म्हणत तिने बटण दाबलं. पाटीवरची अक्षरं बदलली. वर आता 'म' होता.

"ग, त, प," बाबांनी सुरुवात केली.

मुलीने माझ्याकडे बघितलं. बाबांचा आवाज खणखणीत होता, गिऱ्हाइकाला 'वाचा' म्हणताना असे तसा. जुन्या पाटीची एकेक ओळ ते खाली खाली उतरत होते, आणि त्यांना थांबवायला आम्हा दोघींपैकी कुणाचीच जीभ वळली नाही. शेवटचं अक्षर वाचून ते मुलीच्या आवाजाच्या दिशेने वळले आणि शाबासकीची वाट बघत राहिले.

डॉक्टरांनी औषध घालून बाहुली मोठी केली, यंत्रातून बराच वेळ आत बघितलं. डाग आहे, ते म्हणाले, आणि आहे तो बरोबर मध्यभागी, आपण ज्या जागेने वाचतो त्या जागेवर. काही आठवडे जाऊ देत, सूज उतरली तर थोडंफार सुधारेल. पहिल्यासारखं होणार नाही. चष्मा नव्हता का, असं त्यांनी विचारलं. होता, मी म्हटलं. चांगला, आकडे बघून घेतलेला होता. डॉक्टरांनी माझ्याकडे बघितलं आणि औषधं लिहायला घेतली.

परतीच्या एस.टी.त आम्हाला खिडकीजवळची जागा मिळाली. बाबांचा हात गुडघ्यावर थरथरत होता, तो मी माझ्या हातात धरला. वाटेतल्या कट्टा गावचा बाजार मागे गेल्यावर ते म्हणाले, "दिगूक सांगा नको. तेच्या जिवाक लागात."

"बाबा, काय दिसता तुमका? खरा सांगा."

त्यांनी विचार केला. "सगळा दिसता गो. माड दिसतत, रस्तो दिसता, तुझी ओढणी दिसता. फक्त जा बगतंय ताच दिसणा नाय."

"आणि मी? मी दिसतंय?"

बाबांनी मान वळवून सरळ माझ्या तोंडाकडे बघितलं. बराच वेळ बघितलं. मग 'नाही' अशी मान हलवली. गाडी एका वळणावर कलली, त्यांनी पुढच्या सीटची दांडी धरली, आणि हळूच, माझ्याकडे बघायचं सोडून, तोंड खिडकीकडे फिरवलं.

"हां," ते बाहेर बघत म्हणाले. "आता दिसतंस."